हिल्जाच्या घरची गरम भिंत

हाउक्काला, बुधवार, १२ जानेवारी १९७२

रायली,

तुझं पत्र मिळालं. ताम्पेरेत खोली गरम आहे आणि जेवण बेचव आहे, एवढं कळलं. शिकवतात काय, ते काही तू लिहिलं नाहीस. धुराडी साफ करायला शिकायचं म्हणून घर सोडून गेलीस, निदान ब्रश धरायला दिला की नाही ते तरी कळव.

इकडे शनिवारी हिल्जा मोइलानेनच्या धुराड्याने पेट घेतला. ओल्या लाकडांवर महिनाभर मंद जाळ ठेवला होता बाईने. काजळी डांबरासारखी चकचकीत होऊन आत चिकटलेली. मी सायकलवर पोचलो तेव्हा आतून ट्रक गेल्यासारखा आवाज येत होता आणि वर माणसाच्या उंचीची ज्वाळा. हिल्जा बादली घेऊन शिडीवर चढायला निघालेली. मी ओरडलो, "पाणी ओतलंस तर वाफेने धुराडं फुटेल, आणि सोबत तूही!" तर म्हणते, "मग काय उभी राहून बघू?" म्हटलं, "हो, बघ."

हवेची दारं बंद केली, तिच्या म्हाताऱ्या आईला, लोविसाला, गादीसकट घसरगाडीवर घालून अंगणातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, खोलीत नेलं, आणि तासभर जळू दिलं. विझलं आपोआप. रविवारी आरसा घालून आत पाहिलं. नवीन बांधल्यासारखं स्वच्छ! तपासणीच्या वहीत सही केली, सोमवारी भट्टी पेटली. बाहेर उणे एकतीस होतं, थांबून चालणार नव्हतं.

लोविसाचा पलंग धुराड्याच्या भिंतीला लागून असतो, तुला माहीत आहे. काल म्हणाली, "ओइवा, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ही भिंत इतकी छान गरम कधी नव्हती." घे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक केलं.

छपरावर चढायचा सराव कसा चाललाय? तुझ्या वेइक्कोची कमरेची दोरी आणि ब्रशचा लोखंडी गोळा मी तेल लावून ठेवलाय. मार्चमध्ये परीक्षा झाली की गावातली धुराडी झाडायचा हा भाग तुझा. तोवर मी राखतोय.

ओइवा


ताम्पेरे, १५ जानेवारी

भावजी,

पत्र वाचलं आणि हातातला घास तसाच राहिला.

मंगळवारीच लिंडरूस सरांनी आम्हाला कार्यशाळेतलं धुराडं दाखवलं. विटांचं, दोन मजले उंच. आदल्या दिवशी त्यात मुद्दाम काजळी पेटवली होती. आम्हा अकरा जणांना आरसे देऊन म्हणाले, "बघा आणि लिहा." आत स्वच्छ होतं, भावजी. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. अकराही जणांनी लिहिलं, "उत्तम." मग त्यांनी खाली ओला पेंढा पेटवला आणि वरच्या तोंडावर भिजवलेलं पोतं टाकलं. चौदा ठिकाणांहून धूर बाहेर आला. मी मोजलं.

ते म्हणाले, आगीत काजळी जळून जाते म्हणून धुराडं साफ दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. आतून हजार अंश, बाहेरून कडाक्याची थंडी. वीट आतल्या बाजूने फुगते, बाहेरच्या बाजूने फुगत नाही, मग उभी चीर पडते. सांध्यातली माती भाजून तिचा भुगा होतो आणि गळून जातो. चीर केसाएवढी असली तरी रोजचा जाळ तिच्यातून तुळईपर्यंत पोचतो. लाकूड लगेच पेटत नाही. आठवडा, महिना नुसतं भाजत राहतं.

भावजी, लोविसाआजींची भिंत आत्ताच गरम का झाली?

धुराची चाचणी करा. पेंढा आणि पोतं, दुसरं काही लागत नाही. तोवर भट्टी बंद ठेवायला सांगा.

सराव ठीक चाललाय. बर्फ फार आहे म्हणून पुढे ढकलत आहेत.

रायली


हाउक्काला, १९ जानेवारी

रायली,

मी सदतीस वर्षं या गावाची धुराडी झाडली. माझ्या भावाला, वेइक्कोला, मीच शिकवलं. तू तीन महिन्यांपूर्वी बेकरीत पाव भाजत होतीस.

भिंत गरम आहे कारण धुराडं आता मोकळं आहे आणि जाळ नीट ओढतो. हे कळायला कार्यशाळा लागत नाही.

आणि जरा विचार कर. मी सही केलेल्या धुराड्याची मीच पुन्हा चाचणी केली, तर गाव काय म्हणेल? पालिकेत आधीच कुजबूज आहे, म्हाताऱ्याला कशाला ठेवलंय, सोत्कामोच्या हेइक्किनेनला द्या हा भाग. त्याच्याकडे मोटार आहे, दोन गडी आहेत. एकदा त्याच्या हातात गेलं की तुला परत मिळणार नाही. मी काय हौस म्हणून सदुसष्टाव्या वर्षी शिड्या चढतोय?

छपराचं तू एका ओळीत आटपलंस. बर्फ इथेही आहे. आम्ही बर्फातच चढतो.

ओइवा


ताम्पेरे, २२ जानेवारी

भावजी,

तुम्हाला राग येणार हे माहीत होतं. पण मला दुसरंच काही विचारायचं आहे, आणि ते लिहायला दोन दिवस लागले.

तुमच्या पत्रातल्या ओळी पानाच्या खाली घसरत गेल्यात. दोन ठिकाणी एका शब्दावरच दुसरा शब्द लिहिलाय. पाकिटावर माझं नाव निम्मं तिकिटाच्या खाली गेलंय. वेइक्को गेला त्या वर्षी तुमची पत्रं अशीच यायची. भावजी, बाटली पुन्हा सुरू झाली का? असेल तर मी रागावणार नाही. पण मग त्या रविवारी आरशात तुम्ही काय पाहिलंत, ते मला खरं सांगा.

रोज सकाळी उठल्यावर आधी लोविसाआजींचा पलंग दिसतो. वर्गात लक्ष लागत नाही. काल सरांनी विचारलं ते मला ऐकूच आलं नाही, आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाईसाहेबांचं पिठाने माखलेलं डोकं अजून बेकरीत आहे." सगळे हसले. हसू देत.

मंगळवारपर्यंत तुमची तार आली नाही, तर मी हिल्जाला फोन करीन.

रायली


हाउक्काला, २७ जानेवारी

रायली,

केलास फोन. टेलिफोन केंद्रावर एल्मी बसलेली असते आणि ती फोन जोडून दिल्यावर कानावरचा रिसीव्हर खाली ठेवत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं? तासाभरात दुकानात, दूधसंकलनात, सगळीकडे. ओइवाची भावजयच म्हणते की ओइवाच्या सहीला अर्थ नाही. हिल्जाने तुला काय सांगितलं तेही मला दुकानातच कळलं: "ओइवाने पास केलंय, मला तेवढं पुरे." तिला तेवढं पुरे आहे. तुला नाही.

पितो का विचारलंस. हो, पितो. समज तसं.

उद्या जातो पेंढा आणि पोतं घेऊन. तुझं तोंड बंद करायला जातोय, दुसऱ्या कशाला नाही.

ओ.


हाउक्काला, रविवार, ३० जानेवारी

रायली,

आता जे लिहितो ते सगळं वाच, मधे थांबू नकोस.

शुक्रवारी सकाळी दहाला गेलो. हिल्जा दारातच म्हणाली, "फोनवरच्या बाईसाठी एवढी तंगडतोड?" मी म्हटलं, "तिच्याचसाठी." भट्टीतला जाळ काढला, ओला पेंढा पेटवला, वर जाऊन तोंडावर पोतं दाबलं आणि खाली उतरून माळ्यावर आलो. हिल्जा कंदील धरून मागे. मी म्हटलं, "बघ, काही आहे का?" तिने विचारलं, "तूच बघ ना." मी पुन्हा म्हटलं, "नाही, तूच बघ."

कारण मला दिसत नाही, रायली. गेल्या उन्हाळ्यापासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जे दिसतं ते दुधातून पाहिल्यासारखं. तुझी पत्रं भिंग लावून, खिडकीशी बसून वाचतो, एका पत्राला दुपार जाते. त्या रविवारी आरसा घातला तेव्हा आत एक पांढुरका गोळा दिसला. काजळीचा वास आला नाही, हाताला गुळगुळीत लागलं, म्हणून स्वच्छ म्हटलं. चिरा दिसायला डोळे लागतात. दारूचा थेंब घेतलेला नाही. तू तसं समजलीस ते मला बरं वाटलं. दारुडा म्हणून कुणी कामावरून काढत नाही, आंधळ्याला काढतात.

धूर मी पाहिला नाही, मला तो वासाने कळला. माळ्यावर नव्हे, खाली, लोविसाच्या पलंगाशेजारच्या कपाटात. चादरींना वास. हिल्जाने कपाट रिकामं केलं आणि तिथेच खाली बसली. फळीच्या फटीतून धूर येत होता. मी धुराड्याच्या बाजूची तुळई चाचपली. हात ठेववेना.

लोविसाला पुन्हा घसरगाडीवर घातलं. ती ओरडत होती, "माझी छान भिंत का मोडता?" हिल्जाने आणि मी माळ्याच्या फळ्या उचकटल्या. वर थंडी अडवायला फूटभर लाकडाचा भुसा पसरलेला आहे. वरून कोरडा, पिवळा. फावडं घातलं तर खाली काळा, आणि त्याच्या खाली लाल. ज्वाळा नाही. नुसता लाल. किती दिवस धुमसत होता देव जाणे.

त्या भुशाची पहिली बादली बाहेर बर्फावर ओतली तेव्हा हिस्स करून आवाज झाला. हिल्जाने तो ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. ती भरायची, मी शिडीवरून खाली द्यायचो, शेजारचे लोक येऊन नेऊन टाकायचे. चाळीस बादल्यांनंतर मोजणं सोडलं. तुळई तळहाताच्या रुंदीइतकी आत जळून कोळसा झालेली. अजून चार-पाच दिवस गेले असते तर घर पेटलं असतं, असं नंतर आलेले अग्निशमनवाले म्हणाले.

काम संपल्यावर मी हिल्जाला डोळ्यांचं सांगितलं. तिने हात उगारला. मारलं नाही, पण मारायला हवं होतं. म्हणाली, "माझी आई त्या भिंतीला पाठ लावून झोपत होती, ओइवा." एवढंच.

त्या दोघी आता माझ्या घरात राहतात. दुसरीकडे कुठे नेणार? हिल्जा माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या ताटात मुठीएवढा बटाटा जास्त वाढते.

उद्या पालिकेत जाऊन वही आणि शिक्का ठेवून येतो. तुझ्यासाठी भाग राखतो म्हणालो होतो. तो आता गेला असं समज. तुला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून हे कागदावर.

ओइवा


ताम्पेरे, २ फेब्रुवारी

भावजी,

पत्र वर्गात उघडलं, आणि उठून बाहेर गेले.

मी तुम्हाला दारुडा म्हटलं, त्याची माफी कशी मागू? तुमच्या ओळी घसरत होत्या, डोळ्यांचा विचार माझ्या मनातही आला नाही. मला सोपं होतं ते मी मानलं.

भाग गेला तर गेला. तो राखण्यासाठी त्या म्हातारीला काही झालं असतं, तर मी त्या गावातून कशी फिरले असते? आणि खरं सांगायचं तर, भावजी, तो भाग मला मिळालाच नसता. कारण मीही तुमच्याशी खोटं बोलले.

बर्फामुळे सराव पुढे ढकलला नाही. बाकीचे दहा जण नोव्हेंबरपासून चढताहेत. मी एकदाही चढलेले नाही. पहिल्यांदा ताप आला म्हणाले, दुसऱ्यांदा पाय मुरगळला, तिसऱ्यांदा पोट. शिडीच्या चौथ्या पायरीवर हात सुटत नाहीत. वेइक्को ज्या दिवशी डेअरीच्या छपरावरून घसरला, त्या दिवशी त्याचं जेवण घेऊन मी खाली उभी होते. तो पडताना मला हाक मारत नव्हता, तो म्हणाला, "बाजूला हो." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

धुराची चाचणी, चिरा, सांधे, सगळं मला येतं. वर्गातल्या लेखी चाचणीत पहिली आले. खालून मी उत्तम धुराडेवाली आहे. तुम्हाला शहाणपण शिकवणारी बाई चौथ्या पायरीवर अडकून बसलीय, हे तुम्हाला कळायला हवं.

परत येऊ का? बेकरीत जागा असेल अजून.

रायली


हाउक्काला, ७ फेब्रुवारी

रायली,

हे पत्र हिल्जा लिहितेय, मी सांगतोय. (तिने लिहायला होकार दिला, यावरून काय ते समज. अक्षर सुंदर आहे, पण ती मला मधेमधे "हळू बोल" म्हणून डाफरते.)

पालिकेने भाग हेइक्किनेनला दिला. मला ओरडले, ते योग्यच. ओउलूच्या रुग्णालयात डोळ्यांसाठी नाव लावलंय, मेमध्ये नंबर.

शिडीचं ऐक. वेइक्को गेल्यावर मी अकरा दिवस कुठल्याच छपरावर गेलो नाही. बाराव्या दिवशी डेअरीवरच गेलो. धीर आला म्हणून नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून. वर पोचलो आणि धुराड्याला मिठी मारून बसलो. अर्धा तास. खालून मॅनेजर विचारतोय, "काय सापडलं का?" म्हटलं, "शोधतोय." भीती गेली नाही. आजही जात नाही. मी फक्त पायरी मोजायचं सोडलं. तू चौथी म्हणालीस, म्हणजे तू मोजतेस. मोजू नकोस. गोळ्याचं वजन खांद्यावर घे आणि त्याच्याशी भांड.

बेकरीत जागा नाही. मी विचारलं नाही, तरी नाही.

("बाजूला हो" हे वाचून ओइवा बराच वेळ बाहेर जाऊन उभा होता. हे मी माझ्या मनाने लिहितेय. हिल्जा.)


ताम्पेरे, १६ मार्च

भावजी,

हे हिल्जाताईंकडून वाचून घ्या.

लिंडरूस सरांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, नाव काढतील. ते म्हणाले, "उद्या सकाळी सातला ये, बाकीचे यायच्या आधी." पंधरा दिवस रोज सातला गेले. पहिले सहा दिवस चौथीवरून परत. सातव्या दिवशी सर खालून काहीच बोलले नाहीत, त्याचा मला इतका राग आला की रागातच वर गेले. वर वारा फार होता. मी धुराड्याला मिठी मारली आणि रडले, आणि मग कंटाळा आला म्हणून ब्रश आत सोडला.

काल परीक्षा झाली. पास झाले. छपरावर पाय लटपटत होते, परीक्षकांनी ते लिहूनही ठेवलंय: "पाय लटपटतात, काम चोख."

हेइक्किनेनला पत्र टाकलं होतं. तो लिहितो, बाई गडी म्हणून कधी ठेवलेली नाही, पण हाउक्कालाचे लोक त्याला दारात उभं करत नाहीत, तेव्हा एप्रिलपासून ये. म्हणजे आपल्याच गावात, दुसऱ्याच्या हाताखाली. मला चालेल.

रायली


ओउलू, ५ जून

रायली,

परवा उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. हे मी स्वतः लिहितोय, ओळी बघ.

पहिल्यांदा काय पाहिलं असेल? नर्सच्या नाकावरचा तीळ. मग स्वतःचे हात. इतके म्हातारे कधी झाले? मग रात्रीच्या, म्हणजे रात्र इथे आता नसतेच, उजेडात खिडकीतून समोरच्या छपरांची धुराडी मोजत बसलो. तिसऱ्याला वरून चौथ्या थरात चीर आहे. नर्सला सांगितलं, तर म्हणाली, "आजोबा, झोपा."

तिला समजव म्हणून डॉक्टरलाही सांगितलंय. कुणी ऐकत नाही. मला इथे बसवत नाही. दुसरा डोळा पंधरवड्याने.

हिल्जाच्या नव्या धुराड्याचं काम कुठवर आलं? लोविसाला युहान्नुसचा, भर उन्हाळ्याचा, सण स्वतःच्या घरात करायचाय, मी निघताना तिने माझी बाही धरून दहादा सांगितलं.

ओइवा


हाउक्काला, बुधवार, २१ जून

भावजी,

हे घाईत लिहितेय, बस सुटायच्या आत टाकायचंय.

गवंड्याने काल काम संपवलं. सुंदर बांधलंय, सरळ, लाल, तुळईपासून हातभर लांब. हिल्जाताईंनी अंगण झाडलं, दाराशी बर्चच्या कोवळ्या फांद्या बांधल्या, लोविसाआजींना खुर्चीत बसवून आणलं. अर्धा गाव कुंपणाशी. हेइक्किनेनने मला एकटीलाच पाठवलं होतं. मुद्दाम, असं वाटतं.

वर गेले. पोतं टाकलं. खाली येऊन पेंढा पेटवला आणि मग एकेक थर हाताने चाचपत, नाकाने हुंगत वर निघाले. माळ्यावर, जिथे धुराडं छपरातून बाहेर पडतं, तिथे एका सांध्यातून धूर आला. दोऱ्याएवढा. मी दिवा जवळ नेला, लांब नेला, पुन्हा पाहिलं. होता.

खाली आले. हिल्जाताईंनी विचारलं, "सही?"

मी म्हटलं, "नाही."

गवंडी म्हणाला, "अगं, केसाएवढं! जाळ लागला की माती पक्की होईल."

मी म्हटलं, "सांधा फोडून पुन्हा भरा. दोन दिवस सुकू दे. मग मी परत येते."

"सण परवा आहे!" गवंडी ओरडला. कुंपणाशी कुणीतरी म्हणालं, ओइवा असता तर केव्हाच सही झाली असती. माझे पाय तेव्हाही लटपटत होते, जमिनीवर.

लोविसाआजी रडायला लागल्या. हिल्जाताईंनी मला जे काही ऐकवलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. तुमच्यावर, माझ्यावर, वेइक्कोवर, आख्ख्या कुटुंबावर. मी वही बंद केली आणि उभी राहिले. मग त्या थांबल्या, डोळे पुसले, भट्टीपाशी रचून ठेवलेली लाकडं स्वतः उचलून बाहेर नेली, आणि गवंड्याच्या हातात छिन्नी दिली.

परत येताना म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी ये. सण आपण अंगणात करू, आईला शालीत गुंडाळते. चूल तोवर पेटली नाही, तर कॉफी ओइवाच्या घरून थर्मासमध्ये आणीन. तू पाव आण, तेवढं तरी तुला येतं."

रायली